गरम पाण्याची राळ

अप्पा, तुमची राळ मी बंद केली. दुकान चालू आहे, हातोड्या त्याच आहेत, ठोकायचा पाटही तोच आहे. राळ तेवढी नाही. तुम्ही असता तर भांडला असता, म्हणून आधी हेच सांगते.

साताऱ्याच्या घरात ती स्वयंपाकघरातच तापायची. राळ, विटेचा चुरा आणि गोडेतेल लोखंडी कढईत घोटलं जायचं आणि आई नाकाला पदर लावून भाकरी थापायची. "देव तुमचे, धूर आमचा," म्हणायची. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. मऊ राळेवर देवाच्या मुखवट्यासाठीचा चांदीचा पत्रा बसवायचा. थंड झाली की ती पत्रा घट्ट धरते. मागून ठोकून गाल, कपाळ, नाक वर काढायचं. मग ज्योत दाखवायची, ती पत्रा सोडते. तो उलटा करून पुन्हा बसवायचा आणि पुढून भुवया, ओठ, शेवटी डोळे. एकदा शाळेतून आल्या आल्या मी थंड राळेतला पत्रा उचटायला गेले, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "सोडू दे तिला. घाई तुला आहे, तिला नाही." अजून दिसतं: तुम्ही ज्योत फिरवताय, धूर सरळ तोंडावर येतोय आणि तुम्ही मान वळवत नाही, कारण पत्रा नेमका कधी सुटतो ते बघायचंय.

सांगलीला बी.एस्सी. करून मी तिथल्याच गोंदाच्या कारखान्यात लागले. तुम्ही बघायला आलात. आम्ही बाटल्यांवरच्या लेबलांचा गोंद करत होतो. थंडीत, ओलाव्यात लेबल हलता कामा नये. बाटली धुवायला गरम पाण्यात गेली की मात्र आपोआप सुटलं पाहिजे. मी करून दाखवलं. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "एवढं शिकून पोरगी न चिकटणारा गोंद करायला लागली!" सगळे हसले. पण तुम्ही ते ओलं लेबल तळहातावर घेतलंत आणि त्याची मागची बाजू बराच वेळ बघत राहिलात. पुढं मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं, "घरात चूल आहे का?" आई म्हणाली, "चूल नाही, राळ आहे."

निवृत्त होऊन मी साताऱ्याला आले, तेव्हा पाटावर भावाची मुलगी बसत होती. हात तुमचाच. एक दिवस ती खोकली. आधी दोनदा कोरडं, मग खोल. तो खोकला मी ओळखते. त्याच दिवशी कढई उचलली आणि तिला सांगितलं, ही मोडीत गेली, आता राळेला ज्योत लागणार नाही. मेण, कारखान्यात वापरायचो ती कडक कृत्रिम राळ आणि खडूची पूड एकत्र करून बघायला लागले. थंड असताना त्यानं पत्रा धरायचा, गरम पाण्यात सोडायचा. धूर नाही.

मग माण तालुक्यातल्या एका गावाचं काम आलं. देवाचा मुखवटा, यात्रेच्या आधी हवा. तुम्हाला ओळखणारे एक म्हातारे पुजारी चांदी घेऊन आले होते. जोडवी, तोडे, लेकरांचे करदोटे, सगळं घरोघर मागून आणलेलं. "ताई, ही चांदी पुन्यांदा गोळा व्हायची न्हाई. ज्यांच्या पायातली हाय, त्यातल्या लय जणी आता न्हाईत." मी मान डोलावली. चांदी आटवून पत्रा केला, बसवला. दुपारी दुकानाचं छप्पर तापलं, तसं चांदीखालचं माझं मिश्रण मऊ पडलं. नाक ठोकताना चांदी सरकली आणि डाव्या डोळ्याखाली सुरकुती पडली. हातोडी थांबली. पुजारी दारातच बसले होते. "आवं, अप्पांचीच राळ घ्या की." भाचीही हळूच म्हणाली, "आत्या, या एका मुखवट्यापुरतीच." मी म्हटलं, एकापुरतीच असं काही नसतं, अप्पांची छातीही अशीच एकेक करत गेली.

कडक राळ वाढवली. सुरकुती काढली. पुढं पत्रा हलला नाही, पण आता मिश्रण त्याला सोडायलाही तयार नव्हतं. मुखवटा पातेल्यात ठेवून वर उकळतं पाणी ओतलं. पुजारी वाकून बघायला लागले.

"देव शिजवता व्हय?"

"अंघोळ घालतेय. तुम्ही थंड पाण्यानं करता का?"

"आमच्याकडं पानीच कुठं हाय!"

भाचीनं छिन्नी उचलली. "आत्या, कडेनं उचटू का?" मी तिचं मनगट धरलं. पाणी गार झालं की उपसत होते, उकळतं घालत होते. मग कपाळाकडून एक बुडबुडा आला, मागून दुसरा, आणि मुखवटा हनुवटीपर्यंत अलगद सुटला. सुरकुतीची जागा मला बोटाला लागते. दुसऱ्या कुणाला लागणार नाही. डोळे अजून कोरायचे होते, तरी पुजाऱ्यांनी हात जोडले.

हे मिश्रण मी आता सोडणार नाही. उन्हाळ्यासाठी वेगळं करीन, पण ज्योत नाही. भाचीला साठ वर्षांची झालेली बघायला मी नसेन. तिनं मात्र तेव्हाही पाटावर बसलेलं असावं.

हे कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक लिहून टाकते. कढई मोडीत घातलेली नाही. आज भाची मुखवटा पोचवायला गावाला गेली. मी माळ्यावरून कढई काढली, तळाचा राळेचा एक खडा खरवडला आणि तापवला. काम काही नव्हतं. धूर यायला लागला, तोच तुमचा वास; तो बाहेर जाऊ नये म्हणून उठून खिडकी लावून घेतली.