वहिनीनंतरची कपाशी

वाकोला, सांताक्रूझ

लहूदादा,

काल निधी कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आई, मामानं तणनाशक सोसणारी ती कपाशी का लावली? तिला सरकारची परवानगी नाही ना?"

"तण निंदायला मजूर मिळत नाहीत गं," मी म्हटलं.

तेही खरंच आहे. पण निंदताना साप चावून वहिनी गेली, तेव्हापासून तू एकाही बाईला त्या वावरात वाकू दिलं नाहीस, हे पोरीला सांगवलं नाही.

दिवाळीत तण नसलेलं वावर दाखवत तू विचारलंस, "शालू, हे बियाणं आधी मिळालं असतं, तर ती आज असती ना?" मी म्हटलं, "चल, घरी जाऊ."

असती, दादा. पण हे वाचून तू स्वतःलाच दोष देत बसशील, म्हणूनच हे पत्र तुला पाठवत नाही.

तुझीच,
शालू