पट्टी कुठल्या डोळ्यावर

रत्नागिरी, सोमवार, ९ फेब्रुवारी १९३१

दादाच्या कुसुमच्या तिरळ्या डोळ्याची नजर आता सुधारणार नाही, असे डॉक्टरांनी आज सांगितले. शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसेल, एवढेच. त्या डोळ्याला काम पडून नजर सुधारावी म्हणून गेले वर्षभर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची होती. मी शाळेत शिकवायला गेले की वहिनी ती तिरळ्या डोळ्यावर बांधायची, आणि मी यायच्या वेळी पुन्हा बदलायची. रोज!

"वन्सं, आल्यागेल्यासमोर पोरीचं व्यंग कशाला मांडायचं?" म्हणाली. मी तिला नाही नाही ते बोलले.

पण कुसुम? आठ वर्षांची पोर. पट्टी रोज बदलते, हे मला एकदाही का सांगू नये? विचारले, तर मान खाली घालून म्हणाली, "आत्या, तू आईला रागावली असतीस."

आणि आज मी तिच्यादेखत तेच केले.