आल्तारच्या कापडांचं पहिलं पाणी

फादर, काल दुपारी जेवताना माझ्या बहिणीच्या धाकटीनं मला विचारलं, "मावशी, तुला दुसरं काही व्हायचं होतं का गं?" तिचेही केस आता पांढरे झालेत, गुडघे माझ्याइतकेच कुरकुरतात, पण प्रश्न लहानपणीसारखाच अवचित विचारते. मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, "व्हायचं होतं की, पण आमच्या फादरांनी मला अडकवलं ना!" ती हसली. हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं भांडणसुद्धा तिला पाठ आहे. ती हसली खरी, पण नंतर मला दुपारची झोप लागेना. म्हणून आज हा कागद घेऊन बसलेय. तुम्ही शिवडीच्या कबरस्तानात कधीपासून निवांत पडला आहात, थोडी झोपमोड तुम्हालाही होऊ द्या.

मला तुम्ही आठवता ते जिन्यावर धापा टाकताना. पहाटेची मिस्सा आटोपली की आजाऱ्यांना ओस्तीची पवित्र भाकर द्यायला निघायचात, दुपारी शाळेतल्या पोरांची भांडणं सोडवायचात, शनिवारी पापं ऐकायच्या त्या लाकडी खोक्यात घामाघूम होऊन बसायचात, आणि संध्याकाळी डिलाईल रोडच्या चाळी चढायचात. कुणी खुर्ची पुढे केली तरी बसायचं ट्रंकेवर, चहा घ्यायचा कोरा, आणि चहा संपेपर्यंत घरातल्या पुरुषाची हजेरी घ्यायची. "पगार गुत्त्यावर ठेवतोस आणि देवाला मेणबत्ती लावतोस होय रे? देव काय तुझा मेव्हणा आहे?" पहाटेच्या मिस्सेचं प्रवचन तुम्ही मराठीत करायचात. त्या वर्षांत मुंबई कुणाची यावरून चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, आणि आठच्या मिस्सेला येणाऱ्या बुटाटायवाल्यांना तुमचं मराठी खुपायचं. तुम्ही त्यांना म्हणालात, "माझ्यासमोर गिरणीतली माणसं बसतात. त्यांच्याशी मी काय लॅटिनमध्ये गप्पा मारू?" पुढं बरेच दिवस त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला जेवायला बोलावलं नाही, आणि तुम्ही आमच्याकडे येऊन सुक्या बांगड्याची किसमूर मागून खायचात.

आल्तारची, देवाच्या वेदीवरची, कापडं धुवायचं काम माझ्याकडे होतं. मोठी कापडं मी थेट न्यायची, पण मिस्सेच्या पेल्याखाली अंथरायची आणि पेला पुसायची ती बारीक कापडं आधी तुम्हीच धुवायचात. त्यांत ओस्तीचा कण राहिला असेल म्हणून पहिलं पाणी पाद्र्याच्याच हातचं, आणि ते गटारात जाता कामा नये. झग्याच्या बाह्या वर सरकवून तुम्ही घमेल्यात कापडं खळबळायचात, ते पाणी चर्चमागच्या चाफ्याच्या मुळाशी ओतायचात, आणि मग पिळे माझ्या हातात द्यायचात. तुम्हाला पिळता कधी आलं नाही. मी घरी आणून नीळ करायची, खळ घालायची, कडक इस्त्री फिरवायची. माझ्या खळीचं तुम्ही चारचौघांत कौतुक करायचात, आणि मला ते फार आवडायचं.

मग माझी बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली. तिला परळच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. तिच्या खाटेशी बसून मी नर्सबायांकडे बघत राहायची. कशा चालायच्या त्या! कुणाला न विचारता दार ढकलून आत जायच्या. मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण हे शिकायचं. हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. पण बहिणीला माती दिली आणि मोठा पोरगा नि तान्ही धाकटी, दोघं आमच्या खोलीत आली. मागोमाग भावोजीही येऊ लागले. ते रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला होते. रोज संध्याकाळी येऊन उंबऱ्याशी बसायचे, पोरांकडे बघायचे, उठून जायचे. शेजारची बाई मला बघितलं की म्हणायची, "माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते काय उगाच?" ती आपली मायेनं म्हणायची, पण मला मात्र दर वेळी कुणीतरी बाहेरून कडी घालतंय असं वाटायचं. भावोजींनी दुसरी केली तर पोरं सावत्र आईच्या हाताखाली जाणार, हे आई दिवसातून दहादा ऐकवायची. एकच अडचण होती. आपल्या धर्मात मेलेल्या बायकोच्या बहिणीशी असं उठून लग्न लावता येत नाही. बिशपांची परवानगी लागते, आणि ती पाद्र्यानं मागावी लागते. म्हणजे सगळं तुमच्या हातात होतं. मला वाटायचं, फादर आहेत ना, ते बघतील.

आणि तुम्ही काय बघितलंत? त्या दिवशी आमच्या माळ्यावरच्या एका मरणाला टेकलेल्या म्हातारीला शेवटचं तेल लावायला तुम्ही आला होतात. नाक्यावर पोलिसांनी मोर्चा अडवला होता. तुम्ही परत निघालात आणि खाली गोळीबार सुरू झाला. कर्फ्यू लागला. जिन्यातल्या पोरांनी तुम्हाला ओढून आमच्या खोलीत ढकललं. मी खिडकी लावतेय, अश्रुधूर तरी आत येतोय, आई पोरांच्या डोळ्यांवर ओली फडकी धरतेय, भावोजी दाराला पाठ लावून बसलेत, आणि तुम्ही ट्रंकेवर, मांडीवर तेलाची डबी. खालून "झालाच पाहिजे"च्या आरोळ्या येतायत, मग धाडकन आवाज, मग पळापळ. संध्याकाळपर्यंत कुणाला हलता येईना. मी चुलीशी तांदूळ धुवायला घेतले तेव्हा तुम्ही उठून माझ्याजवळ आलात. हळूच विचारलंत, "पोरी, या लग्नाला तुझी मर्जी आहे का?" आई दोन पावलांवर होती! तिचे कान तर काय, भिंतीपलीकडचं ऐकायचे. ती तिथूनच म्हणाली, "तिका काय इचारतास, फादरानू? ह्या पोरांका कोण बघतलो?" तुम्ही तिच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिलात. मी म्हणाले, "आई म्हणेल तसं." तुम्ही मान हलवलीत आणि ट्रंकेवर जाऊन बसलात.

हीच गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. सुनांना, शेजाऱ्यांना, चाळ पाडायला निघालेल्या बिल्डरच्या माणसालासुद्धा. बाईला असं विचारतात का? जिच्या धाकात ती आहे, तिच्याच समोर? तोफेच्या तोंडी उभं करून मर्जी विचारायची, आणि मग परवानगी मागवून मोकळं व्हायचं. लग्न तुम्हीच लावलंत. आल्तारवर माझ्याच हातची इस्त्री होती. मी त्याच चाळीत, खालच्या माळ्यावर, भावोजींच्या खोलीत गेले. भिंतीवर माझ्या बहिणीचा फोटो, आणि खाली मी. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर! वाईट असता तर भांडता आलं असतं. पगार हातात आणून द्यायचे, कधी हात उगारला नाही. पण मला नावानं हाक मारली नाही. "अगं" म्हणायचे. बहिणीलाही "अगं"च म्हणायचे. ती हाक आली की कुणाला मारलीय ते मला कळायचं नाही, आणि मी तरी "काय?" म्हणून उठायची. त्या दहा बाय बाराच्या खोलीत मला गुदमरायचं, फादर. पोरं शाळेत गेली की मी गॅलरीत येऊन नुसती उभी राहायची. एकदा तर बाजाराची पिशवी घेऊन तशीच परळपर्यंत चालत गेले, हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबले. शिकाऊ पोरी रांगेनं बाहेर पडत होत्या. त्यांच्या टोप्यांना खळ नीट बसली नव्हती. ते बघून मला जो राग आला, त्यानं डोळे भरून आले. मग मेथी घेतली आणि घरी आले. तेव्हा मी रस्त्यातच तुम्हाला शिव्या घातल्या. तुम्ही गेलात तेव्हा शिवडीला आले, तुमच्या पेटीवर मूठभर माती टाकली, आणि मनात म्हटलं, घ्या.

आता पुढचं लिहायचंय, आणि हात थांबतोय. कारण त्या गोष्टीला एक शेपूट आहे, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कर्फ्यू उठल्यावर शनिवारी कापडं न्यायला मी चर्चमागे आले. तुम्ही चाफ्याशी वाकून पहिलं पाणी ओतत होतात. माझी चाहूल लागली तरी वळला नाहीत. पाठमोरेच म्हणालात, "परवा चुकलं माझं. तिथं विचारायला नको होतं. आता इथं कुणी नाही, मला तुझं तोंडही दिसत नाही. मेट्रनबाईंशी बोललोय, नर्सिंगला तुझी जागा होईल. नको असेल तर नको म्हण. मी परवानगी मागणारच नाही. तुझ्या आईला सांगेन, फादर नाही म्हणाला. शिव्या मी खाईन, मला सवय आहे."

तुम्ही पाठमोरे होतात म्हणून तुम्हाला दिसलं नाही. धाकटी माझ्या कडेवर होती. तिला नुकते दोन दात आले होते, आणि ती माझ्या खांद्याला चावत होती.

मी म्हणाले, "मागवा परवानगी."

"कुणाच्या धाकानं म्हणतेस?"

"कुणाच्या नाही. फादर, पाणी बुटावर सांडतंय तुमच्या."

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पिळे माझ्या हातात दिलेत, नेहमीसारखे ओलेगच्च.

तर असं आहे. दार तुम्ही उघडून धरलं होतंत, मीच आत राहिले. गुदमरले तेही खरं, आणि राहिले तेही माझ्याच मनानं. पण हे मी धाकटीला कसं सांगू? सांगितलं तर ती विचारेल, का राहिलीस? आणि मी गप्प बसले तरी तिला कळेल, लहानपणापासून माझं तोंड वाचते ती. मग उरलेलं आयुष्य ती माझ्याकडे अपराध्यासारखी बघेल, माझ्या पुढ्यात जास्तीची भाजी वाढेल, माझे पाय चेपायला बसेल. ते मला नको आहे. त्यापेक्षा तुमचं नाव बरं. मेलेल्या पाद्र्याचं काय जातंय? शिव्या खाईन म्हणाला होतात ना? मग खा. अजून थोडे दिवस.

आणि एक. परवानगी आली असं सांगायला तुम्ही आलात, तेव्हा आईनं मेणबत्ती लावली आणि मी मोरीत जाऊन रडले. तुम्हाला ऐकू आलं असणार, कारण तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी फसली. तसं नव्हतं, फादर. धाकटीला आता माझ्याकडून कुणी नेणार नव्हतं, म्हणून रडले. सुटल्यासारखं वाटलं होतं मला.

ती उठली वाटतं, चहाचं आधण ठेवतेय. कागद उशीखाली सरकवते. विचारलंच तर सांगेन, फादरांशी भांडत होते.