नदीच्या कवितेतली रिकामी जागा

प्रिय शंकर,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायचं माझ्या मनात नव्हतं. जिवंतपणी तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, आता काय देणार? पण काल जरीपटक्याहून तुझी लेक रेखा आली आणि आपल्या नदीच्या कवितेचं तुझं शेवटचं रेकॉर्डिंग मला ऐकवून गेली.

खंजिरी होती, तुणतुणं होतं, तो आफ्रिकेचा ढोल, जेंबे होता. शिवाय अंगठ्यांनी छेडायच्या लोखंडी पट्ट्यांची ती छोटी पेटी, कालिंबा. गाणारं मात्र कुणीच नव्हतं!

"काका, ही तुमची जागा हाये," रेखा म्हणाली. "बाबा म्हणे, चाल त्यालेच येते, दुसऱ्या कोणाले गाऊ देजो नको. तुम्ही नाही म्हटलं तर हे असंच राहीन."

पारशिवनीच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. गुरुजींनी शिकवलेल्या चालीत मी नदीची कविता म्हणायचो, तू बाक बडवायचास. कवितेतली नदी म्हणजे आपली पेंचच, असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगू? अजून वाटतं.

म्हणून तर तू ती तुझ्या वाद्यांवर गायला सांगितलंस तेव्हा मी चिडलो. गुरुजींच्या चालीखाली परदेशी ढोल?

"काहून बे, कविता बाटते का त्यानं?" तू हसत होतास.

"चाल बिघडते."

"गुरुजीनं चाल कुठून आणली, मालूम हाये का तुले? खडी गंमतीच्या फडातून उचलली त्याइनं!"

गुरुजी आणि तमाशा! आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. नंतर बोललो, पण गायलो नाही. तू दरवर्षी विचारायचास, मी दरवर्षी नाही म्हणायचो. एकदा तरी रागवायचं होतंस रे!

काल ऐकताना आधी मी चूकच काढली. ओळ अर्ध्यावर तोडून मध्येच कालिंबा कशाला? दोनतीन शब्दांची जागा सोडली की पट्ट्या वाजतात, परत दोनतीन शब्दांची जागा. शाळेत आपण ती ओळ एका दमात म्हणायचो.

दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. दम कुठेच लागला नाही.

गेल्या वर्षी सीताबर्डीला मेट्रोचा जिना चढताना मी चारचार पायऱ्यांवर थांबत होतो. तू शेजारी उभा राहून बोटांनी कठड्यावर ठेका धरायचास. मला वाटलं, कंटाळलास. माझा श्वास मोजत होतास होय? आणि सांगितलं नाहीस!

मला रडू वगैरे आलं नाही. फक्त चहा निवला.

रेखाला आज फोन केला. गुरुवारी तिच्याकडे गायला जाणार आहे. चाल गुरुजींचीच ठेवीन, मग त्यांनी ती कुठूनही आणलेली असो. शेवटच्या कडव्यापर्यंत दम पुरला नाही, तर पुरेल तिथे थांबेन, आणि पुढची नदी तुझ्या वाद्यांना वाहू देईन. कुणाचंही वाद्य बंद करायला लावणार नाही, हा माझा शब्द.

तुझा बाकावरचा,
मधुकर