करंड्याचे झाकण

पालघर,
२० नोव्हेंबर १९८६

स्वस्ति श्री सकलगुणमंडित, कुंभवली-ग्रामभूषण, चिकूवाडी-चक्रवर्ती, कारखान्यांच्या धूम्रवलयातही अम्लान, व्याहीकुलशिरोमणी रामनाथराव यांच्या चरणी, व्याकरणमार्तंड (स्वयंघोषित) संस्कृतशिक्षक नरहरीचे साष्टांग नमन.

आपले पत्र आणि आमच्या कै. जयवंतीची ट्रंक एकाच एस.टी.ने प्राप्त झाली. दोहोंत पत्र अधिक जड होते. "पोरीला फेफरं हाय ते लपवून तुमी आमाला फसवलंत. तसं लिवून द्या, मगच नातीचं तोंड बघायला या," ही आपली आज्ञा. आमच्या कुटुंबाने झबली शिवून ठेवली आहेत. म्हणून लिहून देतो.

होय, लपविले. सोयरीक ठरताना आपण विचारलेत, "पोरीला काय दुखनं नाय ना?" मी उत्तरादाखल एक सुभाषित म्हटले. आपण प्रसन्न झालात. नवव्या वर्षापासून तिला अपस्मार होता. गोळ्यांच्या कृपेने सहा वर्षे झटका आला नव्हता. त्या गोळ्या कुंकवाच्या करंड्याच्या खालच्या कप्प्यात घालून मीच सासरी धाडीत असे.

आता आपल्या गृहातील पराक्रमही वर्णितो. आठव्या महिन्यात गर्भिणीने प्रवास करू नये, म्हणून तिला नवव्यात माहेरी आणावे, हे आपण उभयतांनी एकमताने ठरविले. आठव्यातच एका सकाळी ती ओटीवर कोसळली. आपल्या भगिनी नर्मदाबाई गरजल्या, "लागीर हाय! चप्पल धरा नाकाशी!" चप्पल धरली गेली. भगत आला, नारळ फुटला. झटक्यामागून झटका येत होता, मध्ये शुद्ध नव्हती. शेजारच्या कारखान्याच्या फाटकाशी जीप उभी होती. ती मागावी हे दुपारी सुचले. येथील रुग्णालयात मूल वाचले. मी तेव्हा कुठे गोळ्यांचे सांगितले. डॉक्टरांनी आपणा दोघांसमोर विचारले, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

मी आपल्याकडे बोट दाखविले.

रामनाथराव, काल ट्रंकेतल्या करंड्याचा वरचा कप्पा उचलला. श्रावणात भरून दिलेला खालचा कप्पा. वरच्या एका थराखेरीज त्यातले काही उणे झालेले नाही. गणपतीला आली तेव्हा तिने विचारले होते, "बाबा, बाळाला बाधतील का हो या गोळ्या? डॉक्टरांना विचारू या?" दवाखान्यात आपल्या गावचे कोणी भेटेल, या भयाने मी म्हणालो, "विचारायचे काय त्यात? बाळंत होईपर्यंत घेऊच नकोस." पुस्ती म्हणून एक श्लोकही जोडला. डॉक्टर आता म्हणतात, गरोदरपणात त्या मुळीच सोडायच्या नव्हत्या.

पोर आज्ञाधारक होती.

हे माझ्या हस्ताक्षरात आहे. गावात वाचून दाखवा. नातीला मात्र पाहू द्या.

आपला अपराधी व्याही,
नरहरी

ता. क. करंडा पोहोचला, त्याचे झाकण पोहोचले नाही. ट्रंक दोनदा उपसली. नर्मदाबाईंना विचारून पाहावे. तूर्त वर बशी ठेवतो, ती घसरते, आणि मुंग्या आत शिरतात.