मोत्याचा खिळ्यांचा पट्टा

१२ फेब्रुवारी १९५६, मूल

शेजारचे रामाजीभाऊ आज त्यांच्या मोत्या कुत्र्याला गोळीच घालणार होते. "हात लावला का चावते. पिसाळला जी!"

पिसाळलेलं कुत्रं इतकं लपालपा पाणी पिईल? मी त्याच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळून बिबट्यानं मान धरू नये म्हणून घातलेला खिळ्यांचा पट्टा काढला. आतून खिळ्यांची डोकी मानेत रुतलेली.

"त्याला बोलावून पट्टाच धरता ना?" मी विचारलं.

"मंग काय शेपूट धरू?"

पट्ट्याच्या आतून कोणी बोटही फिरवून पाहिलं नाही! जखमेला हळद-तेल लावलं, पट्ट्याला आतून मऊ चामडं शिवलं. आता तो फक्त रात्री घालायचा.

मग मोत्याच्या तोंडाचा दुपट्टा सोडला आणि रामाजींना बसवून त्यांच्या तळहातावर भाकर ठेवली.

"चावला तं?"

"चावणार नाही. पट्टा धरू नका."

मोत्यानं भाकर खाल्ली, त्याच तळहातावर हनुवटी टेकवली. रामाजी बराच वेळ हात मागे घेईनात.