आईने घेतलेला जास्तीचा खोका

ताकायामा, रविवार

प्रिय तेत्सुजी, ताईचे आशीर्वाद.

आम्ही मजेत आहोत. सकाळी बाजारात आईने मुळ्याचं लोणचं चाखलं आणि विकणारीला सुनावलं, "मीठ जास्त झालंय." ती हसून म्हणाली, "आजी, उद्यापासून तुम्हीच बसा इथे!"

दुखऱ्या गुडघ्यामुळे देऊळ मात्र आईने पायऱ्यांच्या पायथ्यावरूनच पाहिलं. ऑपरेशनला ती महिनाभर नाहीच म्हणतेय, म्हणून मी विषय काढला नाही. गरम सोबा नूडल्स खाऊन आम्ही खरेदीला गेलो. शेजाऱ्यांसाठी मिठाई घेतल्यावर तिने आणखी एक मोठा खोका उचलला.

"हा कुणाला गं?"

"हॉस्पिटलातल्या नर्सना. तिथे राहायचं, तर रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मांजर जेवतंय ना? पत्र मिळताच डॉक्टरांकडून तारीख घे, आईचं मन बदलायच्या आत.

तुझी,
सानाएताई